जिथे ज्योत वर जात नाही

बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या दोड्ड बसवण्णाच्या देवळात समईची ज्योत वर निमुळती होते, ती गुरुत्वाकर्षणामुळे. तापलेली हवा हलकी होऊन वर सरकते, खालून ताजी हवा येते आणि ज्योतीला प्राणवायू मिळत राहतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात मात्र ‘वर’ ही दिशाच उरत नाही. तिथली ज्योत गोल, निळसर आणि मंद असते. भोवतालची हवा अगदी निश्चल असेल, तर ती बहुधा आपल्याच ज्वलनवायूंत गुदमरून विझते.

मग यानात आगीची भीती कशाला? कारण तिथे पंखे सतत फिरते ठेवावे लागतात. ते थांबले, तर झोपलेल्या अंतराळवीराच्या नाकातोंडाभोवती त्याच्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो. जो वारा माणसाला जगवतो, तोच आगीलाही! म्हणून धोक्याची घंटा वाजली की आधी हवा खेळवणारे पंखे बंद करतात. धूरही छताकडे जात नाही, तेव्हा धूरशोधक बसवायचे ते खेळत्या हवेच्या वाटेवर.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातली बरीच उपकरणं भिंतींच्या फळ्यांआड असतात. त्या फळ्यांना खास भोकं ठेवलेली आहेत. अग्निशामकाची तोटी तिथे खुपसायची, आणि तीही पाय नीट अडकवून, नाहीतर फवाऱ्याच्या धक्क्याने माणूसच मागे फेकला जाईल. या स्थानकाच्या अमेरिकी भागात कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक होते. पण बंद घरात, जिथे खिडकी उघडता येत नाही, तो वायू माणसालाही घातक. म्हणून पुढे पाण्याच्या अतिसूक्ष्म तुषारांचे अग्निशामक आले.

23 फेब्रुवारी 1997 रोजी रशियाच्या ‘मीर’ स्थानकात प्राणवायू तयार करणारी नळकांडी पेटली. जळताना ती स्वतःच प्राणवायू सोडत होती, त्यामुळे तिला कोंडून विझवणं शक्य नव्हतं. सहाजण आत होते, आणि परतीच्या दोन सोयुझ यानांपैकी एकाची वाट ज्वाळांनी अडवली होती. प्राणवायूचे मुखवटे चढवून त्यांनी झुंज दिली, सगळे वाचले.

बेंगळुरूत इस्रोचं मानवी अंतराळ उड्डाण केंद्र ज्या गगनयानाची तयारी करतं आहे, त्यात तर पळून जायला दुसरी खोलीसुद्धा नाही.

आणि ज्वाळा दिसेनाशी झाली म्हणजे आग विझली, असंही नाही. 2012 मध्ये जाहीर झालेल्या एका प्रयोगात आंतरराष्ट्रीय स्थानकावर हेप्टेन या इंधनाचे थेंब पेटवले होते. ज्वाळा मावळली, तरी थेंब जळतच राहिले, कितीतरी कमी तापमानाला, डोळ्यांना न दिसता. नुसत्या डोळ्यांवर न विसंबता, मुखवटा उतरवण्याआधी अंतराळवीर हातातल्या यंत्राने हवेतला कार्बन मोनॉक्साइड मोजून बघतात.