आजीची डबी आणि कापराचा वास!

धुळ्याला जायचं म्हणजे माझ्यासाठी शेवभाजी, भरपूर झोप आणि आजीच्या ट्रंकेची उचकापाचक. गेल्या दिवाळीत तिचं गल्लीतलं जुनं घर रिकामं करायचं ठरलं. जळगावहून मावशी आली, मावसभाऊ आला, पुण्याहून मी. साड्यांच्या तळाशी एक डबी निघाली. मुठीत मावेल एवढी, पिवळट पांढरी, झाकणावर उठावाचा गुलाब. आजीच्या आईने तिला लग्नात दिलेली. आजी असताना या डबीला हात लावायची आमची टाप नव्हती. ‘हाई मनी डबी शे,’ एवढंच ती म्हणायची, की विषय संपला!

‘अगं, हस्तिदंत आहे हे!’ मावशी एकदम खूश. मी झाकण अंगठ्याने खसाखसा घासलं आणि नाकाशी नेलं. चक्क आरतीचा वास. कापूर!

म्हणजे हस्तिदंत नव्हेच. ते होतं सेल्युलॉइड, प्लास्टिकच्या घराण्यातली पणजी.

हत्तीला सुट्टी

१८६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स यांनी ‘पार्केसिन’ नावाचा पदार्थ मांडला. धंदा काही जमला नाही. मग १८६९ च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून सेल्युलॉइड घडवलं. निमित्त काय, तर बिलियर्डचे चेंडू! ते हस्तिदंताचे असायचे आणि हस्तिदंत महागलं होतं. पुढे याच मालातून कंगवे, बांगड्या, पावडरीच्या आणि दागिन्यांच्या डब्या निघाल्या. कापराची झाडं असलेलं तैवान १८९५ मध्ये जपानच्या ताब्यात गेलं आणि जपान या वस्तूंचा मोठा उत्पादक बनला. राणीच्या महालातला ‘लूक’ साध्या घरात पोचला तो असा.

यात आपलाही वाटा आहे, बरं का. सेल्युलॉइडच्याही आधी, १८५० च्या दशकात, अमेरिकेत फोटो ठेवायच्या नक्षीदार डब्या साच्यात दाबून बनत. त्यात भुशाबरोबर असायची लाख. बांगड्यांची, सीलची, आपल्याकडून जगभर जाणारी तीच लाख! तिला पर्याय शोधता शोधता लिओ बेकलंड यांना १९०७ मध्ये बेकेलाइट सापडलं. जुन्या वाड्यांतले काळे गोल खटके आठवतात? तेच ते.

प्लास्टिकही मरतं

जळगाव म्हणजे सोनं, केळी आणि प्लास्टिक. पीव्हीसी पाइप आणि प्लास्टिकच्या चटया इथून देशभर जातात. त्यामुळे ‘प्लास्टिक कधी मरत नाही’ हे आम्हा खानदेशींना पाठच. पण आजीच्या डबीने हा फंडा पार मोडला.

डबी उघडली तर आत चांदीची जोडवी, हिरवट डागांनी भरलेली. मावशीला वाटलं, ओल लागली. पण खरी गोष्ट वेगळीच. जुनं सेल्युलॉइड हळूहळू विघटित होतं, त्यातून आम्लाच्या वाफा निघतात आणि त्या चांदीतल्या तांब्याला खातात. डबी बंद असली की वाफा आतच कोंडतात आणि विघटन आणखी वेग घेतं. उष्णता त्याला खतपाणी घालते. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास! जी डबी आजीने जिवापाड बंद ठेवली, ती बंद ठेवल्यानेच आतून झिजत होती.

शिवाय हे प्रकरण ज्वालाग्राही. सुरुवातीच्या सिनेमाची फिल्म याच जातीची. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट कायमचे गेले.

घरी डबी सापडली तर?

– अंगठ्याने घासून वास घ्या. कापूर आला तर सेल्युलॉइड. कार्बोलिक साबणासारखा उग्र वास आला तर बेकेलाइट. जळक्या दुधासारखा आला तर केसीन, म्हणजे खरोखरच दुधापासून बनलेलं प्लास्टिक.
– तापलेल्या सुईने तपासायचा उद्योग नको. सेल्युलॉइड पेट घेईल.
– सेल्युलॉइडची डबी देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब, थंड जागी, झाकण किलकिलं ठेवून ठेवा. हवाबंद पिशवी अजिबात नको.
– आत दागिने ठेवू नका. बारीक तडे, चिकटपणा किंवा झोंबणारा वास आला तर ती बाकीच्या वस्तूंपासून वेगळी करा.

मग डबी गेली कुठे?

याच धुळ्यात १९२६ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे गेले. लोकांच्या घरात कुजत पडलेली दप्तरं गोळा करण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. आम्हाला तर एकच डबी सांभाळायची होती. पण मावशीला ती दागिन्यांसकट बँकेच्या लॉकरमध्ये हवी होती, म्हणजे पुन्हा बंदच. अर्धा तास वाद झाला. शेवटी मावशीनेच जोडवी काढून रुमालात बांधली आणि रिकामी डबी माझ्या हातात दिली. ‘ने तू. पण झाकण लावू नको हं.’

आता ती माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये, पुस्तकांच्या कपाटात, उन्हापासून दूर आहे. उघडी. किंमत विचाराल तर बाजारात फारशी यायची नाही. पण कधीमधी झाकण जरा घासते, आणि घरात आरतीचा वास येतो.