लिऑनची खानावळ आणि माझी एक जुनी चूक

दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. रक्तदाब मोजून होतो, चिठ्ठी लिहून होते, मग पेशंट खुर्ची जरा पुढे ओढतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "डॉक्टर, रोज थोडी घेतली तर हृदयाला चांगली असते म्हणतात. खरं का?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मी १९९५ साली चुकीचे दिले होते. ते एकट्या पेशंटला नव्हे, भरसभेत दिले होते. आज त्याविषयी लिहायचे आहे.

तेव्हा मला प्रॅक्टिस सुरू करून दोन-तीन वर्षेच झाली होती. गणेशोत्सवातल्या व्याख्यानमालेत 'हृदयविकार कसा टाळावा' या विषयावर मला बोलावले होते. त्या सुमारास फ्रान्सच्या एका कोड्याची वैद्यकीय जगात फार चर्चा होती. फ्रेंच माणूस लोणी, चीज, मांस मजेत खातो, तरी त्याला हृदयविकाराने मरण येण्याचे प्रमाण इंग्लंड-अमेरिकेपेक्षा कमी. हे कसे? १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमात याचे श्रेय रेड वाईनला दिले गेले. १९९२ मध्ये सर्ज रनो आणि मिशेल द लोर्जेरिल या फ्रेंच संशोधकांचा याच विषयावरचा लेख 'लॅन्सेट' या साप्ताहिकात आला. मी ही गोष्ट चांगली रंगवून सांगितली. लोक हसले, टाळ्या पडल्या.

सभा संपल्यावर एक मुख्याध्यापक मला भेटले. वय पंचावन्नच्या आसपास, छातीत अधूनमधून दुखायचे. त्यांनी विचारले, "म्हणजे औषध म्हणून थोडी घ्यायला हरकत नाही?" मी हसून म्हणालो, "घ्या की गुरुजी, थोडी घ्या."

थोडी म्हणजे किती, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. आमच्या गावात तेव्हा वाईन मिळतही नव्हती. मिळत होती ती व्हिस्की. सणासुदीलासुद्धा न घेणारा हा माणूस रोज संध्याकाळी 'औषध' घेऊ लागला. आधी एक पेग, मग दोन, मग मोजणे सुटले. २००४ साली ते माझ्याकडे आले तेव्हा डोळे पिवळे झाले होते आणि पोटात पाणी साठले होते. यकृत निकामी होत आले होते. त्याच वर्षी ते गेले. काकूंना भेटायला गेलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतंत ना, औषध आहे म्हणून?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

विणकरांच्या गावात

आमची मुलगी संशोधनासाठी फ्रान्समधल्या लिऑन शहरात असते. मे २०२३ मध्ये आम्ही दोघे पंधरा दिवस तिच्याकडे राहिलो. हे शहर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, रेशीम आणि जेवण. आपल्याकडे जशी घरगुती खानावळ असते तशी छोटी उपाहारगृहे फ्रान्समध्ये गल्लोगल्ली आहेत. त्यांना बिस्त्रो म्हणतात. लिऑनमधल्या खास स्थानिक पद्धतीच्या बिस्त्रोला 'बूशाँ' असे नाव आहे. पूर्वी पहाटेपासून मागावर बसणारे रेशीम विणकर सकाळी नऊच्या सुमारास डुकराच्या मांसाचे पदार्थ आणि वाईन असा भक्कम आहार घेत. या खानावळींची चव त्या काळापासूनची आहे.

पहिल्या दिवशी आम्ही दुपारी तीन वाजता गेलो आणि उपाशी परत आलो. स्वयंपाकघर दोनलाच बंद झाले होते, ते संध्याकाळी सातनंतर उघडणार. आपल्याकडे ढाब्यावर रात्री अकरालाही गरम रोटी मिळते, त्यामुळे मला रागच आला. दुसऱ्या दिवशी साडेबाराला गेलो.

जागा एवढीशी. दहा-बारा टेबले, त्यांवर लाल-पांढऱ्या चौकड्यांचे कापड, एकमेकांच्या कोपराला कोपर लागेल अशी बैठक. भिंतीवर पाटी, तिच्यावर खडूने लिहिलेले त्या दिवशीचे मोजके पदार्थ. पाण्याची सुरई आणि पावाची टोपली न मागता आली, दोन्ही फुकट.

आमच्या सौ. शाकाहारी. डुकराच्या मांसासाठी नावाजलेल्या खानावळीत त्यांचे काय होणार याची मला काळजी होती. पण मसुराची गार कोशिंबीर आली. आपल्या अख्ख्या मसुराचीच ही बहीण, फक्त फोडणीऐवजी तेल, व्हिनेगर आणि कांदा. पुढच्या पदार्थाचे नाव मुलीने सांगितले, 'विणकराचा मेंदू'. सौ.नी हात मागे घेतला. मग कळले की तो चक्क्यासारखा ताजा चीजचा गोळा, त्यात बारीक चिरलेली हिरवी पात, लसूण आणि तेल. नाव ऐकून घाबरलेल्या सौ.नी तो पावाला लावून सगळा संपवला.

आठ मिनिटांचे जेवण

मी कोंबडी मागवली होती. ती आली, मी जेवलो आणि हात पुसले. मुलगी म्हणाली, "बाबा, आठ मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं."

मी आजूबाजूला पाहिले. शेजारच्या टेबलावरचे दोघे आमच्या आधी आले होते आणि अजून पहिल्याच पदार्थावर होते. दोन घास खायचे, बोलायचे, पाव मोडायचा. सव्वा तासाने ते उठले तेव्हा त्यांनी तीन पदार्थ आणि दुधाविना छोटी कॉफी घेतली होती, पण प्रत्येक पदार्थ वाटीभरच. दोघांत मिळून वाईनची एक जाड बुडाची बाटली होती, ४६ सेंटिलिटरची. म्हणजे पाऊण बाटलीपेक्षाही कमी, तीही जेवणाबरोबर.

पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. आठ मिनिटांत जेवणाऱ्याला ती मिळेपर्यंत दोन पोळ्या जास्त गेलेल्या असतात. पेशंटला 'सावकाश जेवा' असे तीस वर्षे सांगणारा मी स्वतः दोन पेशंटच्या मध्ये जेवण उरकत आलो आहे. माझ्या कमरेचा घेर त्याचा साक्षीदार आहे.

यावर एक अभ्यासही आहे. पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली पॅरिस आणि अमेरिकेतले फिलाडेल्फिया येथील उपाहारगृहांची तुलना केली. पॅरिसमध्ये सरासरी २७७ ग्रॅमचे वाढप होते, फिलाडेल्फियात ३४६ ग्रॅमचे. एकाच कंपनीच्या बर्गरच्या दुकानात पॅरिसचा माणूस सरासरी २२ मिनिटे बसला, अमेरिकेचा १४ मिनिटे. फ्रेंच माणसाचे गुपित बाटलीपेक्षा त्याच्या ताटलीत आणि घड्याळात जास्त असावे.

वाईन गाजली, भाजी राहिली

आता गंमत पाहा. ज्या रनो आणि द लोर्जेरिल यांच्या लेखाने वाईनचा गाजावाजा झाला, त्यांनीच केलेला दुसरा एक अभ्यास याच लिऑन शहराच्या नावाने ओळखला जातो. हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेलेले ६०५ रुग्ण त्यात होते. एका गटाला पाव, कंदमुळे, हिरव्या भाज्या आणि मासे जास्त, लाल मांस कमी, रोज एक तरी फळ आणि लोणी-मलईऐवजी वनस्पती तेलापासून केलेले खास मार्जरीन असा आहार सांगितला. १९९४ साली निष्कर्ष आला. या गटात पुन्हा झटका येण्याचे आणि हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी कमी होते. अभ्यास लहान होता, पण पुढे १९९९ च्या अहवालातही फायदा टिकलेला दिसला. हे मी १९९५ च्या सभेत सांगायला हवे होते. पण भाजीला टाळ्या पडत नाहीत!

वाईनच्या गोष्टीत पुढे बरीच छिद्रे दिसली. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेलेही धरले जात होते, त्यामुळे थोडी पिणारे उगाच धडधाकट दिसत. शिवाय थोडी वाईन जेवणाबरोबर घेणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो, चांगले खातो, वेळेवर डॉक्टरकडे जातो. त्याचे श्रेय वाईनला मिळाले.

आणि दुसरी बाजू त्याच गावात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे मुख्यालय लिऑनलाच आहे. या संस्थेने १९८८ मध्ये दारूला आणि २०१५ मध्ये सॉसेजसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का, सर्वांचा धोका सारखाच असे नव्हे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे आणि स्त्रियांत स्तन, इथले कर्करोग दारूने वाढतात. त्यात तंबाखूची जोड असेल तर तोंडाचा आणि घशाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आपल्या जिल्ह्यात ही जोडी किती घरांत आहे हे मी सांगायला नको.

फ्रेंच सरकारलाही हे ठाऊक आहे. दारूच्या जाहिरातींवर तिथे १९९१ पासून कडक कायदा आहे. २०१५ या एका वर्षात तिथे ४१ हजार मृत्यू दारूमुळे झाल्याचा सरकारी आरोग्य संस्थेचा अंदाज आहे. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की आरोग्याला सुरक्षित अशी दारूची कोणतीच मात्रा नाही.

'थोडी' म्हणजे किती?

फ्रान्समध्ये एक ग्लास म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, साधारण १०० मिली वाईन. आपल्याकडची ३० मिली व्हिस्की म्हणजेही तेवढेच. म्हणजे १८० मिलीची एक क्वार्टर म्हणजे सहा ग्लास. फ्रेंच सरकार आपल्या नागरिकांना सांगते की दिवसाला दोनच्या वर नको, आठवड्याला दहाच्या वर नको आणि रोज तर नकोच. आपल्याकडे 'थोडी' घेणारा माणूस आठवड्याचा हा हिशेब दोन रात्रींत ओलांडतो.

तेव्हा फ्रान्सहून घ्यायचेच असेल तर हे घ्या:

* जेवणाच्या वेळा ठरवा, मधल्या वेळी चरणे बंद करा. रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी.
* ताट वाढून घेऊन किमान वीस मिनिटे बसा. टीव्ही आणि मोबाईल बाजूला.
* हॉटेलात गेलात तर आधी सॅलड किंवा डाळ मागवा. एक भाजी दोघांत घ्या. बटर रोटीऐवजी साधी रोटी.
* शीतपेयाऐवजी पाणी प्या.
* जे पीत नाहीत त्यांनी हृदयासाठी म्हणून मुळीच सुरुवात करू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर दारूने धोकादायकरीत्या उतरू शकते.
* जे रोज भरपूर पितात त्यांनी बंद करताना आधी डॉक्टरांना भेटावे. एकदम सोडल्याने हातपाय कापणे, भास होणे, क्वचित फिट येणे असे त्रास होतात आणि त्यांवर औषधे आहेत.

परत आल्यावर मी काकूंकडे गेलो. आता त्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे. मी म्हणालो, "काकू, त्या वेळी मी सभेत जे सांगितलं ते चूक होतं. गुरुजींना मी तसं सांगायला नको होतं." त्या बराच वेळ गप्प होत्या. चहा झाला. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मला सांगून आता काय उपयोग? तेव्हा चारशे लोकांत सांगितलंत, आता पेपरात सांगा."

म्हणून हा लेख. पुन्हा कोणी खुर्ची पुढे ओढून तोच प्रश्न विचारला तर माझे उत्तर तयार आहे. नाही, थोडीसुद्धा औषध नाही. मसुराची उसळ आहे, पालेभाजी आहे, आणि घरच्यांबरोबर बसून निवांत जेवायची वीस मिनिटे आहेत. ती चिठ्ठीवर लिहून द्यायला मी तयार आहे.