ग्रुपमधून शाळेच्या फाटकापर्यंत

मार्च 2018 च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाचे शिक्षक संप जिंकून वर्गात परतले. राज्यातल्या सगळ्या 55 काउंट्यांमधल्या शाळा बंद ठेवून त्यांनी 5 टक्के पगारवाढ मिळवली होती. संपाची बरीचशी जुळवाजुळव झाली होती ती फेसबुकच्या एका ग्रुपवर. दूर अॅरिझोनातले शिक्षक हे सगळे पाहत होते. 2008 च्या मंदीनंतर त्यांच्याही शाळांच्या निधीला कात्री लागली होती आणि पगार देशात अगदी तळाला होते. त्यांनीही ग्रुप काढला: ‘अॅरिझोना एज्युकेटर्स युनायटेड’. बघता बघता हजारो शिक्षक त्यात आले.

पण ग्रुपात येणे म्हणजे संपाला तयार होणे नव्हे. घरबसल्या पाठिंबा देणाऱ्यांतले किती जण मुख्याध्यापकांसमोर उभे राहतील, हे स्क्रीनवरून कळत नाही. म्हणून पहिली हाक मुद्दाम सोपी ठेवली गेली: बुधवारी लाल कपडे घालून शाळेत या आणि फोटो टाका. त्या फोटोंचे काम केवळ उत्साह वाढवण्याचे नव्हते. कोणत्या शाळेत सगळा शिक्षकवर्ग लाल झाला आणि कुठे एखादाच जण दिसतो, याचा अंदाज त्यातून येई. शिवाय आपण एकटे नाही, हे शेजारच्या वर्गातल्या बाईंना न बोलताही कळे.

पुढचे पाऊल मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. शाळेगणिक एक संपर्क प्रतिनिधी नेमायचा. ग्रुपवरचा निरोप त्याने स्टाफरूममध्ये न्यायचा, ग्रुपात नसलेल्यांशी, बिचकणाऱ्यांशी बोलायचे आणि शाळेतली परिस्थिती वर कळवायची. असे सुमारे 2,000 प्रतिनिधी उभे राहिले. जुनी शिक्षक संघटना बरोबर होतीच. पैसा, अनुभव आणि माणसे तिने पुरवली.

मग परीक्षा घेतली. 11 एप्रिलला ‘वॉक-इन’ झाले. शाळा भरण्यापूर्वी शिक्षक आणि पालक फलक घेऊन बाहेर उभे राहिले आणि वेळ झाली तसे सगळे मिळून आत गेले. पगार बुडाला नाही, मुलांचा तासही बुडाला नाही. पण संघटकांच्या हिशेबाने एक हजाराहून जास्त शाळांनी भाग घेतला. दुसऱ्याच दिवशी गव्हर्नर डग ड्यूसी यांनी 2020 पर्यंत 20 टक्के पगारवाढीची घोषणा केली. पैसा नेमका कुठून येणार, असा प्रश्न असल्याने शिक्षकांचा त्या घोषणेवर विश्वास बसला नाही. शिवाय शाळांचा कापलेला निधी परत मिळावा, ही मागणी तशीच राहिली होती.

संपाचा निर्णय मात्र लाइक मोजून घेतला नाही. शाळाशाळांत मतदान झाले. 57,000 हून अधिक जणांनी मत दिले आणि त्यातले 78 टक्के संपाच्या बाजूने होते. 26 एप्रिलला शाळा ओस पडल्या आणि फिनिक्सच्या रस्त्यांवर लाल शर्टांची गर्दी उसळली. अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर 3 मे रोजी संप मिटला. पगारासाठी मोठी तरतूद झाली, निधीची मागणी मात्र अपुरीच राहिली.

त्याच एप्रिलमध्ये ओक्लाहोमातही शिक्षक बाहेर पडले. तिथलाही फेसबुक ग्रुप प्रचंड होता, पण शाळाशाळांतले असे जाळे विणायला उसंत मिळाली नाही. पगारवाढीचा कायदा बंदच्या आधीच झाला होता. पुढच्या मागण्यांसाठी काय करायचे यावर एकमत राहिले नाही आणि नऊ शालेय दिवसांनंतर बंद ओसरला.

अॅरिझोनात संप संपला तरी शाळाशाळांतली ओळख टिकली. त्याच उन्हाळ्यात श्रीमंतांवर शिक्षण कर लावण्याच्या प्रस्तावासाठी सुमारे 2,70,000 सह्या गोळा झाल्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रस्ताव मतपत्रिकेवरून काढून टाकला. नव्याने मांडलेला तसाच प्रस्ताव मतदारांनी नोव्हेंबर 2020 मध्ये मंजूर केला. 2022 मध्ये तोही न्यायालयात रद्द ठरला.