लांडगा कोळी आणि मण्यार

कपिलधारच्या डोंगरात रात्री बॅटरी मारली, की गवतात बारीक ठिपके चमकतात. ते लांडगा कोळ्याचे डोळे. लायकोसिडी हे त्याचे कूळ डोळ्यांच्या मांडणीवरूनच ओळखतात : खाली चार लहान, त्यावर दोन मोठे, मागे दोन मध्यम. मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला आणि पिल्ले पाठीवर वाहते. बहुतेक जाती जाळे न विणता शिकार करतात. आपल्याकडची हिप्पासा जाळे विणते, तरीही याच कुळातली.

हा कोळी चावला तर सहसा थोडी सूज, आग होते. जखम साबणाने धुवा. पण रात्री जमिनीवर झोपलेल्याला काही चावले आणि पापण्या जड झाल्या, पोट दुखले, गिळता येईना, तर कोळ्यावर ठपका ठेवू नका. मण्यारचा दंश अनेकदा दिसतही नाही. ताबडतोब रुग्णालय गाठा.