कुत्र्याला हाडांचे सूप : समज आणि शास्त्र

पडाव काय किंवा लष्कर काय, आपल्या ग्वाल्हेरच्या या वस्त्यांची नावेच छावणीची आहेत, आणि छावणी म्हटली की तिच्यामागे श्वान आलेच. आज घरोघरी लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड दिसतात. जवळच टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र 1970 पासून आहे. अशा गावात कुत्र्याच्या आहाराविषयी सल्ला देणारे पुष्कळ असावेत हे ओघानेच आले. त्या सल्ल्यांतील एक फार जुना आणि सर्वमान्य : पिल्लाचे पाय वाकडे होऊ लागले, हाडे कच्ची वाटली, की खाटकाकडून हाडे आणावीत आणि उकळून त्यांचे सूप पाजावे. ज्या घरात मांस शिजत नाही, तेथेही कुत्र्यासाठी अंगणात वेगळे पातेले चढते. ही माया आदरणीयच आहे. मात्र त्या पातेल्यात नेमके काय उतरते, हे पाहणे अगत्याचे आहे.

कोरड्या हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजांचा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या संयुगाचा असतो. उरलेला बहुतांशी कोलेजन या प्रथिनाचा. उकळत्या पाण्यात कोलेजन विरघळते आणि त्याचे जिलेटिन बनते. सूप गार झाल्यावर थिजते ते त्यामुळेच, आणि त्या थिजण्यालाच आपण ‘ताकद’ समजतो. खनिज भाग मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो हाडातच राहतो आणि हाडाबरोबर फेकला जातो. लिंबू किंवा व्हिनेगर घातल्यास थोडे अधिक कॅल्शियम उतरते, परंतु फार नव्हे. मॅकॅन्स, शेल्डन आणि विडोसन यांनी 1934 साली लंडनमध्ये लहान मुलांना दिल्या जाणाऱ्या हाडांच्या सुपाचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा दुधाच्या मानाने ते कॅल्शियमच्या बाबतीत अगदीच दुबळे ठरले. 100 मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे आपण जाणतोच.

गंमत अशी की या सुपाची परीक्षा त्याही आधी प्रत्यक्ष कुत्र्यांवरच झाली होती. पॅरिसमध्ये दार्से या रसायनशास्त्रज्ञाने हाडांतून जिलेटिन काढून रुग्णालयांतील गोरगरिबांना स्वस्त पौष्टिक अन्न म्हणून पुरविण्याचा पुरस्कार केला. त्यावर वाद माजला आणि फ्रेंच विज्ञान अकादमीने समिती नेमली. प्रसिद्ध शरीरक्रियाशास्त्रज्ञ माजांदी यांनी तिच्या वतीने 1841 साली अहवाल सादर केला. केवळ जिलेटिनवर ठेवलेली कुत्री लवकरच त्याला तोंड लावीनाशी झाली आणि खंगत गेली. कारण पुढे साठ वर्षांनी उमगले : 1901 साली हॉपकिन्स आणि कोल यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळे केले, आणि जिलेटिनमध्ये नेमके तेच नसते. म्हणजे प्रथिन म्हणूनही सूप अपुरेच.

आता पिल्लाकडे वळू. वाढत्या पिल्लाच्या आहारात दर 1000 कॅलरींमागे निदान 3 ग्रॅम कॅल्शियम असावे असे पोषणशास्त्र मानते. मोठ्या जातीचे 10 किलोचे पिल्लू दिवसाला साधारण 1000 कॅलरी खाते. तेव्हा त्याची गरज 3000 मिलिग्रॅमची. वाडगाभर सुपाने ती भागणे केवळ अशक्य. त्यातून बाकीचा आहार पोळी-भात किंवा नुसते मांस असेल तर फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य अशी विषम स्थिती होते. रक्तातील कॅल्शियम राखण्यासाठी पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतूनच ते खेचून काढतात. हाडे पातळ होतात, पिल्लू लंगडते, साध्या उडीनेही हाड मोडते. येथे सुपाचा खरा धोका दिसतो. सूप स्वतः फारसे अपायकारक नसते, पण ‘उपचार चालू आहे’ या समाधानात मोलाचे आठवडे निघून जातात.

आपल्यातील डॉक्टर मंडळींना हे पाय पाहून मुडदूस आठवेल आणि ते पिल्लाला कोवळ्या उन्हात बसवण्याचा सल्ला देतील. तोही फळत नाही. कुत्र्याच्या त्वचेत उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. पिल्लास वाढीच्या वयासाठीचा संतुलित तयार आहार दिला तर वरून कॅल्शियम देऊ नये. मोठ्या जातीच्या कोवळ्या पिल्लांना जादा कॅल्शियम शोषून घेणे थांबविता येत नाही आणि त्यानेही हाडे बिघडतात. घरचेच अन्न द्यायचे असेल तर पशुवैद्याकडून प्रमाण ठरवून घ्यावे. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड हा स्वस्त मार्ग आहे. एका टरफलात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते.

जाता जाता एक नोंद. चरकसंहितेत समानाने समान वाढते हा सिद्धान्त सांगताना, अस्थींची वाढ तरुणास्थीने होते असे म्हटले आहे. तरुणास्थी म्हणजे कूर्चा. सुपात जे उतरते ते याच जातीचे द्रव्य होय. लोकसमजुतीने मात्र कूर्चा सोडून हाडच उचलले.

मग सूप टाकाऊच का? मुळीच नाही. आजारातून उठलेले, अन्न हुंगून तोंड फिरवणारे म्हातारे कुत्रे कोमट सुपाच्या वासाने जेवणाकडे वळते, आणि पाणी कमी पिणाऱ्याच्या पोटात पाणी जाते. नेहमीच्या जेवणावर दोन-चार चमचे ओतावे, जेवणाऐवजी देऊ नये.

करताना पहिली अट : घरातल्या पायाच्या सुपातले देऊ नये. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि शिजवल्याने हा दोष जात नाही. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला 50 ग्रॅम, एका वेळी पोटात गेला तरी विषबाधा होऊ शकते. हिरड्या पांढुरक्या पडणे, लघवी तांबूस होणे ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात. मीठ-मसालाही नको. सूप गार करून वर आलेला चरबीचा थर काढून टाकावा, कारण चरबीने स्वादुपिंडाचा दाह उद्भवतो. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रोग्याला पशुवैद्यास विचारूनच द्यावे. गाळताना फडके घ्यावे, आणि उकळलेले हाड कुत्र्यापुढे टाकू नये. ते ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार चिरफळ्या उडतात आणि अन्ननलिकेत किंवा आतड्यात रुततात. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात सूप बाहेर तासभरही ठेवू नये; थंड करून फ्रीजमध्ये ठेवावे, तीन दिवसांत संपवावे आणि देताना तेवढेच कोमट करावे.