बेरोजगार नेमके कोणाला म्हणायचे?

बोईसर, खास प्रतिनिधी - तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या सरावलीत राहणारा एक कंत्राटी कामगार कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. वर्षातील आठ महिने तो कारखान्यात होता. कंत्राट संपल्यापासून तो रोज काम शोधत आहे. गेल्या आठवड्यात त्याला एकच दिवस हमालीचे काम मिळाले. हा माणूस बेरोजगार आहे काय? याचे उत्तर कोणते माप लावले यावर अवलंबून आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीने दांतवाला समितीच्या १९७० च्या अहवालानंतर तीन मापे स्वीकारली. १९७२-७३ च्या पाहणीपासून ती वापरात आली. 'नित्य स्थिती'त मागील ३६५ दिवसांपैकी अधिक काळ कशात गेला ते पाहतात. त्यानुसार आपला कामगार रोजगारात ठरतो. वर्षात किमान ३० दिवस दुय्यम काम करणाऱ्यालाही या मापात रोजगार असलेला धरतात. 'साप्ताहिक स्थिती'त सात दिवसांत एक तासभर काम मिळाले तरी पुरे. येथेही तो रोजगारात. 'दैनिक स्थिती' मात्र प्रत्येक दिवसाचा हिशेब अर्ध्या दिवसाच्या एककात मांडते. तेथे त्याच्या नावावर एक दिवस रोजगाराचा व सहा दिवस बेकारीचे लागतात.

हा फरक किरकोळ नाही. २००४-०५ मध्ये देशातील बेरोजगारी नित्य स्थितीनुसार सुमारे २.३ टक्के, तर दैनिक स्थितीनुसार ८.२८ टक्के होती. २०१७ पासून सुरू झालेल्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीत नित्य व साप्ताहिक हीच प्रमुख मापे आहेत. जुलै २०२३ ते जून २०२४ या काळात १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी हे दर अनुक्रमे ३.२ व ४.९ टक्के होते. आपल्या कामगाराचे कामाविना गेलेले सहा दिवस यांपैकी कोणत्याही दरात उमटत नाहीत.

जनगणनेचा हिशेब आणखी वेगळा. वर्षात १८३ दिवस किंवा अधिक काम केलेला तो मुख्य कामगार. किमान ७५ टक्के मुख्य पुरुष कामगार शेतीबाहेर असणे ही जनगणना नगराची एक अट असून २०११ मध्ये सरावलीची नोंद तशीच झाली. सेवायोजन कार्यालयाची यादीही पुरेशी नाही. काम असलेलेही तेथे नाव नोंदवितात आणि अनेक बेकार नोंदवीत नाहीत.

शिवाय, थकून काम शोधणेच सोडणारा श्रमशक्तीतून वगळला जातो आणि दर घटलेला दिसतो. म्हणून बेरोजगारीचा आकडा वाचताना तो वर्षाचा की आठवड्याचा, आणि त्यातून कोण सुटले, हे आधी पाहावे.