हवेतल्या नत्राची तिहेरी गाठ



एका गावी हरभऱ्याच्या शेतात आमची बैठक चालली होती. बोलता बोलता मी सांगितले, की हवेच्या पाच भागांपैकी जवळजवळ चार भाग नत्रच आहे. मागे बसलेल्या एक आजीबाई लगेच म्हणाल्या, "मग सायेब, माजा गहू पिवळा का पडला? त्यो काय हवेत न्हवता?" सगळे हसले, पण प्रश्न लाखमोलाचा होता.

हिशेबच पाहा. एका एकरावर जेवढी हवा आहे, तिच्यात सुमारे ३० हजार टन नत्र आहे. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ते जेमतेम २१ किलो. म्हणजे डोक्यावर कोठार भरलेले आणि आपण पोत्यासाठी रांगेत उभे! कारण कोठाराला कुलूप आहे. हे कुलूप म्हणजे अणूंची आपसातली गाठ.

अणूच्या मध्यभागी केंद्र असते आणि त्याभोवती इलेक्ट्रॉन फिरतात. बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन झाले, की बहुतेक अणू स्थिर होतात. हायड्रोजनला दोनच पुरतात. कमी पडले, की अणू दुसऱ्या अणूशी व्यवहार करतो.

पहिला व्यवहार देण्याघेण्याचा. स्वयंपाकघरातले मीठ घ्या. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला देऊन टाकतो. देणारा धनभारित होतो, घेणारा ऋणभारित होतो आणि दोघे एकमेकांना ओढून धरतात. याला आयनिक बंध म्हणतात. पाण्यात ही जोडी सुटते, म्हणून मीठ विरघळते.

दुसरा व्यवहार सावडीचा. तुमचा एक बैल, शेजाऱ्याचा एक. दोन्ही जुंपले की जोडी झाली आणि दोघांचीही शेते नांगरून निघाली. तसेच दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन घालून जोडी करतात आणि ती दोघांच्याही कामी येते. हा सहसंयुज बंध.

नत्राच्या अणूजवळ बाहेर पाचच इलेक्ट्रॉन असतात, तीन कमी. म्हणून हवेतले नत्राचे दोन अणू एक नव्हे, तीन जोड्यांची सावड करतात. ही तिहेरी गाठ इतकी घट्ट असते, की पिकाला ती सोडवता येत नाही. आजींचा गहू पिवळा पडला तो यामुळे.

ही गाठ सोडवायला माणसाला फार खटाटोप करावा लागला. १९०९ साली जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. लोखंडाचा उत्प्रेरक, चारशे-पाचशे अंश उष्णता आणि हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाब, एवढे सारे लागते. आपल्या रायगड जिल्ह्यातील थळच्या कारखान्यातही मूळ रीत हीच आहे. युरिया स्वस्त वाटला, तरी त्यामागे एवढे इंधन जळते.

आणि हेच काम हरभरा, तूर, सोयाबीन, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू गार मातीत, बिनबोभाट करतात! पीक त्यांना साखर देते, ते पिकाला नत्र देतात. ही सुद्धा सावडच.

तेव्हा एवढे करा. पेरणीपूर्वी दर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या पाण्यातून चोळा आणि बी सावलीत सुकवा. संवर्धक त्याच पिकाचे घ्या. सोयाबीनचे हरभऱ्याला चालत नाही. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी. फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप उपटू नका, खुरप्याने खणून काढा, मुळे धुवा आणि गाठ फोडून पाहा. आत गुलाबी दिसली तर कारखाना चालू आहे. कडधान्याला युरिया जास्त झाला, तर गाठी नीट धरत नाहीत.

गव्हाला मात्र युरिया लागतोच. पण तो वरवर फेकून ठेवू नका. मातीत युरियाची फोड होऊन अमोनिया होतो. वर राहिला तर हवेत उडतो. मातीत गाडला तर त्याचा अमोनियम होतो. अमोनियम धनभारित आणि चिकणमातीचे कण ऋणभारित, म्हणून माती त्याला धरून ठेवते. पुढे त्याचे नायट्रेट होते. ते ऋणभारित, त्याला माती धरत नाही; पाणी वारेमाप दिले की खाली निघून जाते. म्हणून युरिया दोन-तीन हप्त्यांत द्या, मातीआड करा, पाणी बेताने द्या.

आजींना मी सांगितले, "पुढच्या खेपेला गहू सोयाबीनच्या बेवडावर घ्या आणि माती तपासून खत द्या." दाण्यांबरोबर बरेच नत्र घरी येते, म्हणून खत अजिबात बंद करू नका, पण हात आखडता घेता येईल. या हंगामात एक रोप खणून मुलांना ती गुलाबी गाठ जरूर दाखवा. पुस्तकातला धडा त्यांना बांधावरच कळेल.